पेवातली हवा



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, लढाया येतात, तह आणि राज्याभिषेक येतात. मेढ्यात उभे राहून बोलावयाचे तर ते अगदी साहजिक आहे. जावळीचे नाव घेतले की १६५६ साली झालेला चंद्रराव मोऱ्यांचा पाडाव आठवल्यावाचून राहत नाही. परंतु लढाई कधीमधी होते. जेवण रोज दोन वेळा लागते. गडावर तोफा किती होत्या हे जितके महत्त्वाचे, तितकेच कोठारात धान्य किती होते आणि ते खाण्याजोगे होते की नाही, हेही महत्त्वाचे. पन्हाळ्यावर गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नदीची नावे दिलेली प्रचंड धान्यकोठारे आजही उभी आहेत, ती उगीच नव्हेत. ज्या गडावरचे धान्य किडले तो गड शत्रूने दारूगोळ्याविनाच घेतला असे समजावे.

तेव्हा आज मी आपल्यापुढे मांडणार आहे तो साठविलेल्या धान्याचा इतिहास. आणि त्यातही एका विद्येचा. धान्यातली कीड विषाने नव्हे, धुराने नव्हे, तर केवळ हवा कोंडून मारण्याची ही विद्या. ती परदेशातून आलेली नाही. ती आपल्या पायांखाली होती आणि तिचे नाव होते पेव.

पेव हा शब्द आपण आजही वापरतो, पण कसा? अमक्या गोष्टींचे पेव फुटले आहे, असे म्हणतो. शाळांचे पेव फुटते, पुढाऱ्यांचे पेव फुटते. प्रत्यक्ष पेव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशात या शब्दाचा अर्थ जमिनीखालचे धान्याचे कोठार असा दिला आहे. जमिनीत दडवून ठेवलेल्या त्या कोठाराचे तोंड मोकळे झाले, की कालपर्यंत जिथे काहीच दिसत नव्हते तिथून राशीच्या राशी वर येऊ लागत. तो देखावा लोकांच्या मनावर इतका ठसला असला पाहिजे, की वस्तू गेली तरी वाक्प्रचार मागे राहिला.

पेवाकडे वळण्यापूर्वी शत्रूची ओळख करून घेतली पाहिजे. आपल्या घरात त्याला निरनिराळी नावे आहेत. गव्हातांदळात सोंडे होतात, डाळीकडधान्याला भुंगा लागतो, पिठात जाळी होते. यांपैकी सोंड्याचेच उदाहरण घेऊ. सोंड्याची मादी दाण्याला आपल्या सोंडेने बारीक भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि ते भोक चिकट द्रव्याने बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आत जन्मते, आतला गर खाऊनच वाढते, आतच कोशात जाते आणि पुरता किडा होऊन बाहेर पडते. उष्ण हवेत या साऱ्याला सुमारे एक महिना पुरतो. एक मादी आपल्या आयुष्यात तीनशेपर्यंत अंडी घालू शकते. त्यांतली वीसच जगली आणि त्यांत दहाच माद्या निघाल्या असे धरले, तरी तीन पिढ्यांत, म्हणजे अवघ्या तीन-चार महिन्यांत, एका मादीच्या हजार माद्या होतात.

यातली खरी अडचण ध्यानात घ्या. गृहिणी धान्य पाखडते, चाळते, निवडते तेव्हा तिला दिसतो तो बाहेर आलेला किडा. दाण्याच्या पोटात बसलेली अळी सुपाला सापडत नाही आणि चाळणीलाही सापडत नाही. वरून सुदृढ दिसणारा दाणा आतून पोखरलेला असतो. मग त्या बंद दाण्यात शिरेल असे काय आहे? उत्तर एकच: हवा. हवा दाण्याच्या आत जाते, म्हणून तर अळी जगते. आणि जे जिवंत ठेवते तेच काढून घेता आले, तर दाणा न फोडता, त्याला काहीही न लावता, आतला चोर मरतो. पेवाचे सारे रहस्य या एका वाक्यात आहे.

आता पेव कसे असे ते पाहू. कठीण, चिवट, पाणी न झिरपणारी आणि शक्यतो उंचवट्यावरची जमीन निवडीत. तीत वर एक माणूस जेमतेम उतरेल एवढेच अरुंद तोंड ठेवून खाली खणत जात. खाली मात्र पोट मोठे. आकार एखाद्या रांजणासारखा. खोली कोठे दहाबारा फूट, तर कोठे वीस-पंचवीस फूट. आत काटक्या किंवा भुसा जाळून भिंती तापवीत, म्हणजे ओल निघून जाई आणि माती भाजल्यासारखी टणक होई. तळाशी आणि बाजूंना राख, गवत, कडबा किंवा उसाचे पाचट यांचा जाड थर देत. त्यात उन्हात कडकडीत वाळविलेले धान्य गळ्यापर्यंत भरीत; कोपरा रिकामा राहू देत नसत. वर पुन्हा गवत, त्यावर फरशी किंवा लाकडे, त्यावर माती आणि शेणमातीचा लेप. काम संपले की जमीन सारखी होई. उंदराला वाट नाही, आगीची भीती नाही, आणि लुटारूंची टोळी गावावरून गेली तरी कोठार कोठे आहे हे ठाऊक असणाराच सांगू शके.

तोंड बंद झाल्यावर आत काय घडते? आपण जी हवा घेतो तीत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि कार्बन डायऑक्साइड एका टक्क्याचाही अत्यंत अल्प अंश असतो. पेवात दाण्यादाण्यांमधल्या फटींत हीच हवा कोंडली जाते. परंतु धान्य निर्जीव नाही. दाणाही मंदपणे श्वास घेतो. त्याच्याबरोबर बुरशी श्वास घेते आणि कीड तर फारच जोराने घेते. कीड जितकी अधिक, तितका प्राणवायू लवकर संपतो. म्हणजे पेवात कीड स्वतःच स्वतःचा काळ ओढवून घेते. प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर आला, कार्बन डायऑक्साइड वाढला, की तिची हालचाल थांबते. पुढे खाणे थांबते, अंडी घालणे थांबते आणि शेवटी ती मरते. बाहेरून नवी हवा आली नाही तर धान्य वर्षानुवर्षे राहते. आपल्या पूर्वजांना प्राणवायू हे नाव ठाऊक नव्हते. पण तोंड घट्ट लिंपले तर धान्य टिकते आणि फट राहिली तर किडते, हे पक्के ठाऊक होते.

आणखीही एक गोष्ट त्यांना ठाऊक होती, आणि ती फार महाग किंमत देऊन कळलेली होती. ज्या हवेत सोंडा जगत नाही त्या हवेत माणूसही जगत नाही. पेव उघडल्यावर त्यात लगेच कोणी उतरत नसे. तोंड मोकळे करून ते बराच वेळ, कधी दिवसभरही, तसेच ठेवीत. मग दोरीला कंदील बांधून आत सोडीत. ज्योत तेवत राहिली तर माणूस उतरे. विझली तर थांबावयाचे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने तो खाली साचून राहतो. वरच्या माणसाला मोकळे वाटते आणि खाली उतरलेला मात्र हाक मारण्यापूर्वीच कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही कोसळतो. पेवात उतरणारा माणूस बहुधा पेवाचा मालक नसे; तो मजूर असे. ज्यांच्या जिवावर ही विद्या चालली त्यांची नावे कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत. हा इतिहास सांगताना निदान एवढी आठवण ठेवणे आपले कर्तव्य आहे.

ही गोष्ट आपल्याच मुलखाची होती असे मात्र नव्हे. रोममध्ये व्हॅरो नावाचा मोठा पंडित होऊन गेला. त्याने इ. स. पू. ३७ च्या सुमारास शेतीवर एक ग्रंथ लिहिला. कॅपाडोशिया, थ्रेस आणि स्पेन या देशांत लोक जमिनीखाली खड्ड्यांत धान्य ठेवतात, आत हवा जाऊ देत नाहीत, आणि जेथे हवा पोचत नाही तेथे सोंडा होत नाही, असे तो स्वच्छ सांगतो. अशा खड्ड्यात गहू पन्नास वर्षे टिकतो असेही तो म्हणतो. पन्नास वर्षांचा आकडा कोणी खरा मानो वा न मानो. पण पुढे तो जे बजावतो ते खोटे मानता येत नाही. खड्डा उघडल्याबरोबर आत जाऊ नये, काही माणसे त्यात गुदमरून मेली आहेत, असा इशारा त्याने दिला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन ग्रंथकाराने आणि कृष्णाकाठच्या अक्षरशत्रू मजुराने एकच नियम सांगावा, याचे कारण दोघांचा गुरू एक होता: अनुभव. मोरोक्कोत अशीच भुयारी कोठारे होती. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर सतराव्या शतकात वेढ्याच्या भीतीने खडकात खोदलेली आणि दगडी झाकणांनी बंद केलेली धान्याची टाकी आजही पाहावयास मिळतात.

येथे एखादा श्रोता विचारील, आमच्या जावळीत पेवे का दिसत नाहीत? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या आभाळात आहे. वेण्णेच्या या खोऱ्यात मेढ्यापासून केळघर आणि पुढे महाबळेश्वराकडे जावे तसा पाऊस वाढतच जातो. जमिनीत पाणी खेळते, माती पाझरते. असल्या जमिनीत पेव खणणे म्हणजे धान्याची विहीर करणे होय. पेव हे ज्वारीच्या कोरड्या देशाचे अपत्य. ते माणदेशाच्या बाजूला, पंढरपूर-सोलापूरकडे शोभावे. डोंगरी मुलखाने आपली निराळी युक्ती काढली. शेणाने सारविलेल्या कणग्या, चुलीच्या धुराखालचा माळा, राखेत घोळविलेले बियाणे, ही आपली कोठारे. शिवाय निसर्गाने आपल्याला नाचणी दिली. तिचा दाणा इतका बारीक, की त्यात किड्याला संसार थाटता येत नाही. नाचणी नीट वाळविली तर वर्षानुवर्षे टिकते. जेथे पेव चालले नाही तेथे पिकानेच पेवाचे काम केले.

घराघरांतल्या या युक्त्यांना कमी लेखू नका. उन्हाळ्यात अंगणात वाळवण घालणे, गव्हाला एरंडेलाचा हात लावणे, डब्यात कडुलिंबाचा पाला किंवा बिब्बा टाकणे, मडके काठोकाठ भरून तोंड शेणमातीने लिंपणे, हे सारे शास्त्रच आहे. फक्त ते ग्रंथात लिहिलेले नव्हते, सासूकडून सुनेकडे जात होते. काठोकाठ भरून लिंपलेले मडके म्हणजे घरातले लहानसे पेवच. आणि वाळवण हा तर साऱ्याचा पाया. ओले धान्य हवाबंद केले तर कीड मरेल, पण धान्य आंबेल. पेवातल्या कडेच्या धान्याला तसा आंबूस वास येई, त्याची उगवणशक्ती जाई, म्हणूनच शहाणा शेतकरी बियाणे पेवात न ठेवता घरात निराळे जपत असे.

येथवर आपण पेवाचे शास्त्र पाहिले. पण पेवाला एक समाजशास्त्रही आहे, आणि ते इतके निरुपद्रवी नाही. धान्य टिकते याचा अर्थ ते अडवूनही ठेवता येते. कौटिल्याने अर्थशास्त्रात कोठारातील निम्मे धान्य आपत्काळी प्रजेसाठी राखून ठेवावे आणि जुन्याच्या जागी नवे भरीत जावे असे सांगितले आहे. हा झाला राजधर्म. पण किल्ली ज्याच्या हाती तो राजधर्म पाळील याची शाश्वती काय? मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रातल्या पोराबाळांना ठाऊक आहे. दुष्काळात लोक अन्नान्न करीत असता त्यांनी बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी मोकळी केली, आणि पुढे विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने त्या धान्याचे मोल दरबारी भरले, असे कथा सांगते. कथेतला चमत्कार भाविकांनी भक्तीने पाहावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यातला व्यवहार पाहावा. लोक मरत होते तेव्हा कोठारे रिकामी नव्हती, ती बंद होती. चमत्कार घडावा लागला तो धान्य पिकविण्यासाठी नव्हे, कोठार उघडण्यासाठी!

इंग्रजी अमलात हे चित्र पुन्हा पालटले. रोख सारा भरावयाचा म्हणून सुगीतच धान्य विकावयाचे आणि पावसाळ्यात तेच सावकाराकडून वाढीने घ्यावयाचे, अशी शेतकऱ्याची गत झाली. १८७५ साली सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि त्यानंतर लगेच १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. आगगाडी तर त्याआधीच आली होती. आगगाडीने दुष्काळी भागात धान्य आणले हे खरे. पण तिने ते बाहेरही नेले. चार वर्षे ज्वारी जमिनीत ठेवून वाईट सालाची वाट पाहण्यापेक्षा यंदाच पेठेत विकणे फायद्याचे ठरू लागले. कीड पेवांना जिंकू शकली नव्हती. बाजारभावाने ती जिंकली. पुढे १९७२ च्या दुष्काळात आपण परदेशी मिलो खाल्ला आणि सुकडीवर दिवस काढले. खेडोपाडी वाईट सालासाठी राखलेला साठा उरला नव्हता, हे त्या दिवसांत पुरते कळून चुकले.

तरीही एका ठिकाणी पेवे टिकली, वाढली आणि नावारूपास आली. ते ठिकाण म्हणजे सांगलीजवळचे हरिपूर. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे, संगमेश्वराचे आणि ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांचे हे गाव. येथे पेवात ठेवीत ती ज्वारी नव्हे, हळद. हळद शिजवून, वाळवून, घासून तयार केली तरी तिला कीड सोडत नाही; तंबाखूत होणारा बारीक तपकिरी भुंगा हळकुंडेही पोखरतो. हरिपूरची माती घट्ट आणि चिवट, कडा न ढासळणारी. तीत खणलेल्या पेवांत हळद कित्येक वर्षे राही. रंग उतरत नसे, भुंगा लागत नसे. एका पेवात शंभराहून अधिक पोती सहज मावत. सांगलीच्या पेठेत हळदीचा जो देशभर गाजलेला व्यापार वाढला, त्याची तिजोरी अशी दीड-दोन कोसांवर जमिनीखाली होती. माल पेवात तसाच राही आणि वर सौदे होत; भाव पडला तर व्यापारी थांबू शके, कारण थांबल्याने माल खराब होत नसे. पेवांच्या भाड्यावर, भरणीवर आणि उपसणीवर हरिपुरातली अनेक घरे चालत. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या कीर्तीत या पेवांचा वाटा मोठा आहे.

पण संगमाचे गाव हे पुराचेही गाव. २००५ च्या पावसाळ्यात कृष्णेचा महापूर आला आणि पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले. हवा आत जाऊ न देणारी माती नदीपुढे हरली. हळद कुजली, पेवे खचली, व्यापाऱ्यांचे आणि पेवमालकांचे अतोनात नुकसान झाले. त्यानंतर बहुतेक माल गोदामांत आणि शीतगृहांत गेला. २०१९ साली पुन्हा महापूर आला तेव्हा पेवांकडे परत वळण्याची उरलीसुरली आशाही मावळली. पेव चुकीचे होते म्हणून ते गेले, असे मी म्हणणार नाही. पेव एका अटीवर उभे होते, ती अट म्हणजे पाणी खालून वा वरून येता कामा नये. अट मोडली, पेव मोडले. कोणत्याही जुन्या विद्येचा अभिमान बाळगताना ती कोणत्या अटीवर उभी होती हे विसरले, की अभिमानाची पोथी होते.

आता या विद्येला शास्त्राची दीक्षा कशी मिळाली ते थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात जहाजे मिळेनात म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत गव्हाच्या थप्प्या पडून राहिल्या आणि सोंड्यांनी त्यांचा फडशा पाडला. तेव्हा लंडनच्या रॉयल सोसायटीने धान्यकिडींसाठी एक समिती नेमली. तीत आर्थर डेंडी या प्राणिशास्त्रज्ञाने हवाबंद भांड्यांत किडके धान्य ठेवून प्रयोग केले आणि १९१८ च्या सुमारास दाखवून दिले, की बंद जागेत कीड आपल्याच श्वासोच्छ्वासाने मरते. पुढे १९५५ पासून ऑस्ट्रेलियातल्या बेली या संशोधकाने आणखी बारकाईने शोध घेतला. कीड कार्बन डायऑक्साइड वाढल्याने मरते की प्राणवायू घटल्याने? त्याचे उत्तर असे, की बंद कोठारात मुख्य काम प्राणवायूची घट करते. तो सुमारे दोन टक्क्यांवर आला की सोंड्याची धडगत नसते. २०१२ साली अमेरिकेतल्या लॅरी मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवळीतल्या भुंग्याविषयी आणखी एक विलक्षण गोष्ट दाखविली. कोरड्या दाण्यात पाणी नसते. किडा ते आपल्या शरीरातच, खाल्लेले अन्न प्राणवायूने जाळून तयार करतो. प्राणवायू गेला की त्याचे पाणीही जाते, आणि तो हळूहळू तहानेने सुकून मरतो.

निसर्गाची वाट न पाहता कोठारात बाहेरून वायू भरण्याची पद्धतही याच ज्ञानातून निघाली. ऑस्ट्रेलियात घट्ट बंद केलेल्या कोठारात कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्याचे प्रमाण पंधरा दिवस ३५ टक्क्यांखाली जाऊ देत नाहीत. चीनमध्ये मोठमोठ्या कोठारांत नायट्रोजन भरून प्राणवायू हुसकावतात. फक्त खपरा नावाचा चिवट किडा, ज्याची अळी महिनोन्‌महिने उपाशी निद्रिस्त राहू शकते, त्याला अधिक दिवस द्यावे लागतात.

मग इतके सोपे असता मधल्या काळात साऱ्या जगाने विषाची वाट का धरली? कारण विष झटपट काम करते आणि त्याला घट्ट कोठार लागत नाही, असा समज झाला. मेथिल ब्रोमाइड आले. पण ते आकाशातल्या ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल कराराखाली श्रीमंत देशांनी २००५ पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांनी २०१५ पर्यंत, विलग्नवासासारखे थोडे अपवाद सोडून, त्याचा वापर बंद करावयाचे ठरले. राहिला फॉस्फीन. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा हा वायू आजही आपल्या सरकारी गोदामांचा मुख्य आधार आहे. परंतु १९७२-७३ साली जागतिक अन्न व शेती संघटनेने केलेल्या पाहणीतच अनेक देशांत या वायूला दाद न देणारी कीड सापडली. याचे एक मोठे कारण म्हणजे फट. ताडपत्री सैल राहिली, वायू निसटला, की दुबळी कीड मरते आणि बळकट कीड वाचते. तिचीच पुढे प्रजा वाढते. म्हणजे विषालादेखील अखेर घट्ट झाकण लागतेच! आपल्याकडे तर धान्य भरावयाचे ते तागाच्या पोत्यात. ताग हा आपल्या शेतकऱ्याचा, गिरणीकामगाराचा आधार, आणि १९८७ च्या कायद्याने त्याला संरक्षणही दिले आहे. पण त्याच्या विणीतून हवा आणि कीड दोन्ही मोकळेपणी जातात, हे सत्य कायद्याने बदलत नाही.

आणि या गोळ्यांविषयी एक शब्द आग्रहाने सांगितला पाहिजे. त्या घरातल्या धान्याच्या डब्यासाठी नाहीत. ओलसर हवेने त्यांतून निघणारा वायू झोपेतल्या माणसाला मारू शकतो, आणि पोटात गेल्यास त्यावर खात्रीचा उतारा नाही. कायद्याने त्यांचा वापर जाणत्या, परवानाधारक लोकांपुरता ठेवला आहे तो यासाठीच. पाच किलो तांदूळ वाचविण्यासाठी घरातले माणूस पणाला लावू नये.

आता विद्या फिरून माघारी येत आहे. १९८७ च्या सुमारास मर्डॉक आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात गरीब शेतकऱ्यांची चवळी भुंग्यापासून वाचविण्याच्या कामी लागले. त्यांतून निघाली ती एक साधी तिहेरी पिशवी: आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेले पोते. धान्य भरा, हवा दाबून काढा, एकेका पिशवीचे तोंड पिळून बांधा. इस्राएलमध्ये श्लोमो नवारो यांनी त्याच तत्त्वावर मोठ्या थप्प्यांसाठी हवाबंद आवरणे सिद्ध केली. अशा पिशव्या आज भारतातही मिळतात. त्यांच्यात आणि पेवात तत्त्वाचा तिळमात्र फरक नाही. फरक आहे तो दोन गोष्टींत. पेवाला विशिष्ट जमीन लागे. पिशवीला लागत नाही, ती माणदेशात चालते आणि पावसाच्या जावळीतही चालते, मात्र धान्य आधी कडक वाळलेले हवे आणि उंदराने पिशवी कुरतडता कामा नये. दुसरा फरक मला अधिक मोलाचा वाटतो. पेव खणावयास ऐपत लागे, म्हणून किल्ली थोरामोठ्यांच्या हाती राहिली. पिशवी चार पायल्यांच्या धन्यालाही परवडू शकते. सुगीत पडत्या भावाने विकण्यापेक्षा चार महिने थांबण्याचे बळ तिने लहान शेतकऱ्याला दिले, तर जी सत्ता हरिपूरच्या व्यापाऱ्याला पेवाने दिली तीच त्याला मिळेल.

या इतिहासाने शिकविलेली एक गोष्ट मात्र अजून शिळी झालेली नाही. जुन्या विहिरीत, मैल्याच्या टाकीत, गोबरगॅसच्या खड्ड्यात उतरलेली माणसे गुदमरून गेल्याच्या बातम्या आपण अद्याप वाचतो. एक उतरतो, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. पेवात उतरणाऱ्या निरक्षर मजुराला जे ठाऊक होते ते आपण शिकूनसवरून विसरलो. बंद जागा प्रथम उघडावी, वारा खेळू द्यावा, आतल्या हवेची परीक्षा घ्यावी, आणि वर दोर धरणारा माणूस असल्याखेरीज कोणी खाली जाऊ नये. कंदील हा जुना इशारा होता. आज हवा मोजणारी यंत्रे आहेत, ती वापरावीत. पेवे बुजली, पण त्यांतली हवा अजून गावोगाव बंद जागांत बसून आहे. ती किड्यांसाठी कोंडावयाची, माणसांसाठी मोकळी करावयाची, एवढा विवेक राखला म्हणजे त्या अनामिक मजुरांचे ऋण थोडे तरी फिटेल.